बोल्डचं बटण कुठं द्यायचं आणि कुठं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत ऑफिसातल्या सॉफ्टवेअरबद्दल लेख आला होता, त्यात एक ओळ होती की हल्ली बऱ्याच बिझनेस सॉफ्टवेअरमध्ये फॉर्मच्या मजकुराच्या मोठ्या रकान्याला एका टिकमध्ये रिच टेक्स्ट चालू करता येतं, म्हणजे बोल्ड, रंग, बुलेट, लिंक सगळं. ओळ खरीय. टिक करायला दोन सेकंद लागतात. पण टिक केल्यावर पुढं काय काय होतं ते मी दोन वर्षं निस्तरतेय, म्हणून हे पत्र. लांबलंय थोडं, कापायचं तर कापा पण स्लिपचा किस्सा तेवढा ठेवा.

मी १६ वर्षं सर्व्हिस कोऑर्डिनेशन बघते. म्हणजे मशीन बंद पडलं की ग्राहकाचा फोन येतो, मी सॉफ्टवेअरमध्ये कॉल उघडते, काय बिघडलंय ते लिहिते, टेक्निशियनला काय करायचं ते लिहिते, कुठला पार्ट लागेल ते लिहिते. दिवसभर रकाने भरणं हेच काम. त्यामुळे कोणी म्हणालं की "रकान्यात फॉरमॅटिंग कशाला हवंय, नुसतं लिहा की" तर मला राग येतो, आणि कोणी म्हणालं की "सगळीकडे देऊन टाका, युजरला बरं वाटतं" तरी राग येतो.

आधी हवं का होतं ते सांगते. आमचा "कामाच्या सूचना" हा रकाना साधा होता, वेबवरचा तो नेहमीचा टेक्स्ट बॉक्स, जो वेबपानं लिहायच्या भाषेत, १९९५ च्या एचटीएमएल २.० पासून आहे आणि ज्यात अक्षरं आणि एंटर याच्या पलीकडे काही राहत नाही. इंग्रजीत लिहिणारे निदान कॅपिटलमध्ये ओरडू तरी शकतात, देवनागरीत कॅपिटल नाहीच! मग आम्ही काय करायचो तर तीन फुल्या (***), मग "महत्त्वाचे", मग परत तीन फुल्या. त्याखाली बरोबरच्या चिन्हांची रांग. ११ पायऱ्यांची सूचना लिहायची तर १, २, ३ हाताने टाकायचं, आणि प्रिंट काढली की एंटर गायब होऊन सगळ्याचा एकच लांबलचक पॅरा व्हायचा. एकदा अशाच पॅऱ्यात "आधी मेन स्विच बंद करा" हे सातव्या नंबरला दडलेलं होतं, नवीन मुलाने घाईत सहावरून आठवर उडी मारली. फक्त फ्यूज गेला, माणसाला काही झालं नाही. पण त्या दिवसानंतर मीच मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्याने बोलले की आम्हाला बोल्ड पाहिजे आणि नीट नंबर पडणारी यादी पाहिजे. ती मागणी आजही बरोबरच वाटते मला.

सॉफ्टवेअर देणाऱ्या व्हेंडरने टिक केली. एका रकान्याला मागितली होती, त्यांनी एकसारखं दिसावं म्हणून सगळ्या मोठ्या रकान्यांना केली, बारा रकाने, बारा टूलबार. पान उघडायलाच वेळ लागायला लागला कारण प्रत्येक रकान्यामागे एक छोटा वर्डच लोड होत होता. आणि टॅब! ज्याने कधी डेटा एंट्री केलीच नाही त्याला हे कळणार नाही, आमचा डावा हात टॅबवर जगतो, एक रकाना भरला की टॅब, पुढचा भरला की टॅब, स्क्रीनकडे बघतसुद्धा नाही. आता टॅब मारला की कर्सर पुढच्या रकान्यात जायच्याऐवजी त्याच रकान्यात चार जागा सरकायचा आणि ग्राहकाचा फोन नंबर तक्रारीच्या मजकुरात जाऊन बसायचा.

तरी पहिले काही दिवस मजा होती, खोटं कशाला बोलू. एकाने अर्जंट कॉल लाल करायला सुरुवात केली. मग दुसरीने. महिन्याभरात निम्मे कॉल लाल झाले आणि खरंच अर्जंट असेल त्याला लाल अधिक पिवळा हायलाइट लागू झाला. एक साहेब फक्त निळ्यात लिहायचे, का ते अजून कुणाला कळलेलं नाही.

आता स्लिप. आमच्याकडे "लागणारे पार्ट" असा एक रकाना आहे, त्यातला मजकूर संध्याकाळी आपोआप स्टोअरच्या स्लिपवर छापला जातो. एका कॉलला आधी ५० सील लिहिले होते, नंतर ग्राहकाने सांगितलं की २० पुरे. आमच्यातल्या एकीने काय केलं तर ५० सिलेक्ट करून त्यावर आडवी रेघ मारली, स्ट्राइकथ्रू, आणि लगेच पुढे २० लिहिलं. मध्ये स्पेस नाही. स्क्रीनवर एकदम झकास दिसत होतं, वहीत आपण खोडून शेजारी लिहितो ना अगदी तसं, आणि आधी किती होते तेही दिसतंय. संध्याकाळी स्लिप छापणाऱ्या प्रोग्रामने सगळं फॉरमॅटिंग काढून नुसती अक्षरं घेतली आणि स्टोअरला स्लिप गेली: सील, ५०२० नग.

स्टोअरकीपर शहाणा माणूस, त्याने फोन केला. "मॅडम, एवढे तर आपण वर्षात पण वापरत नाही." पण तो रजेवर असता तर? किंवा आकडा ५ खोडून ६ असा असता तर ५६ नग मुकाट्याने पॅक होऊन गेले असते, त्यात कुणालाच काही खटकलं नसतं.

चूक कुणाची यावर बरीच वादावादी झाली. जिने रेघ मारली तिची नाही, असं माझं मत आहे. तिला बटण दिलं होतं, तिने वापरलं. प्रोग्रामचीही नाही म्हणता येणार, त्याला टॅग, म्हणजे फॉरमॅटिंगच्या आतल्या खुणा, काढायला सांगितलं होतं, त्याने काढले. चूक अशी की खोडणं हा *अर्थ* होता आणि आम्ही तो *दिसण्यात* ठेवला, आणि दिसणं वाटेत गळून पडतं. मला आता रिच टेक्स्टबद्दल एवढंच विचारावंसं वाटतं की बाबा, हा रकाना पुढं कोण वाचणार आहे, माणूस की मशीन? माणूस वाचणार असेल, तोही त्याच स्क्रीनवर आणि पूर्ण, तर द्या बोल्ड. पण तिथून आकडा, तारीख, नाव, कोड असं काहीतरी उचलून दुसरीकडे जाणार असेल तर तिथं टूलबार दिसताच कामा नये. नगांना वेगळा आकड्यांचा रकाना हवा होता, तो नव्हता म्हणून आम्ही मजकुरात कोंबत होतो, आणि टूलबार आल्यावर ते कोंबणं आणखी सुंदर दिसायला लागलं इतकंच.

आमच्याकडचा डेव्हलपर पोरगा, वयाने माझ्या भाच्याएवढा, त्याने मला एकदा शेजारी बसवून दाखवलं की बोल्ड केल्यावर डेटाबेसमध्ये नेमकं काय जातं. मी लिहिलेले शब्द होतेच, पण त्यांच्या आजूबाजूला कंसांमधल्या टॅगची जाळी. हे बहुतेक ठिकाणी एचटीएमएल असतं. तो सांगत होता की ब्राउझरमध्ये थेट फॉरमॅट करून लिहिण्याची सोय इंटरनेट एक्स्प्लोरर ५.५ ने २००० साली आणली आणि मग प्रत्येक ब्राउझरने आपापल्या पद्धतीने ती बनवली, साधा एंटर मारला तर एकजण पी टॅग टाकायचा, दुसरा डिव्ह, तिसरा बीआर. म्हणजे तीन जणींनी तीन ब्राउझरमध्ये तेच वाक्य लिहिलं तर आत तीन वेगळ्या गोष्टी. म्हणून मग टायनीएमसीई, सीकेएडिटर असे तयार एडिटर लोक वापरायला लागले, ते हा गोंधळ आपल्यापासून लपवतात. लपवतात म्हणजे संपवतात असं नाही.

त्यावर मला माझं एक जुनं कोडं सुटलं. रकान्याची मर्यादा २००० अक्षरं, मी लिहिलं जेमतेम ६००, आणि मेसेज येतोय मर्यादा ओलांडली. मला वाटायचं सॉफ्टवेअरला मराठी मोजता येत नाही. निघालं असं की आमचा एडिटर प्रत्येक देवनागरी अक्षर नंबरच्या रूपात साठवत होता, अँपरसँड (&), हॅश (#), २३५० आणि शेवटी सेमीकोलन, एवढं सगळं मिळून एक "म", म्हणजे एका अक्षराची सात. वेलांटीचा नंबर परत वेगळा, त्यामुळे नुसतं "मी" लिहिलं तरी १४. सगळे एडिटर असं करत नाहीत आणि हे सेटिंगमध्ये बंदही होतं, पण ते बंद करायचं असतं हे आधी कुणाला तरी माहीत पाहिजे ना. नंबर नसले तरी युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, आणि ओरॅकल या डेटाबेसचा नेहमीचा मजकुराचा कॉलम ४००० बाइटचा, म्हणजे मराठीत १३३३ अक्षरं, त्यातून टॅगची जागा वजा करा. इंग्रजीत टेस्ट करून "चालतंय" म्हणणाऱ्यांना हे दिसतच नाही.

वर्डमधून पेस्ट करणं हा तर स्वतंत्र छळ आहे. चार ओळी पेस्ट केल्या की त्यांच्याबरोबर वर्डचा फॉन्ट, साइज, ओळींमधलं अंतर, वर्डच्या खास खुणा असलं सगळं बिऱ्हाड येतं. आमच्या एका टेक्निशियनला मोबाइलवर सूचना कोऱ्या दिसायच्या, तो दोन दिवस मला विचारत होता की तुम्ही लिहीत का नाही. वर्डमधून काळा रंग टॅगमध्ये पक्का होऊन आला होता आणि त्याच्या मोबाइलवर डार्क मोड, काळ्यावर काळं. आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टातल्या फाइली असतील तर विचारूच नका, फॉन्टचं नाव मजकुराबरोबर आलं म्हणून पेस्ट करणाऱ्याला स्वच्छ मराठी दिसतं, आणि ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. लोक स्क्रीनशॉटही पेस्ट करतात, आणि काही एडिटर ते चित्र बेस६४ करून, म्हणजे अक्षरांत बदलून, मजकुरातच घुसवतात, त्यात चित्र मूळ आकाराच्या एक तृतीयांशाने आणखी फुगतं. ३ एमबीचं चित्र ४ एमबीचा "रिमार्क" होऊन बसतं. मग रिपोर्ट एक्सेलमध्ये काढला की एका सेलला ३२,७६७ अक्षरांची मर्यादा, पुढचं सगळं कापलं जातं किंवा फाइलच बिघडते.

सर्चचंही तेच. एका शब्दाचा अर्धाच भाग चुकून बोल्ड झाला, म्हणजे "गळती" मधलं "गळ" जाड आणि "ती" साधं, तर मध्ये टॅग आला, आणि "गळती" शोधलं तर तो कॉल सापडतच नाही. डोळ्याला दिसतोय, सर्चला नाही. जोडाक्षर मधूनच जाड केलं तर काही ठिकाणी त्याचा अर्धा भाग पाय मोडलेला दिसतो ती मजा वेगळीच. तसंही इटॅलिक आणि अंडरलाइन ही बटणं मराठीसाठी मुळात बनलेलीच नाहीत असं माझं ठाम मत आहे, बहुतेक देवनागरी फॉन्टांना इटॅलिक नसतं, मग सॉफ्टवेअर सरळ अक्षर जबरदस्तीने वाकवतं, आणि अंडरलाइनची रेघ उकाराच्या पोटातून जाते. "दूध" आणि "दुध" यातला फरक तसाही लोक पाळत नाहीत, पण जे पाळतात त्यांचा ऊकार तरी दिसू द्या.

सुरक्षेचं मला आधी काहीच कळत नव्हतं, वाटायचं बोल्डने कसला धोका. पण रकान्यात टॅग चालतात म्हटल्यावर त्या टॅगमधून प्रोग्रामही आत जाऊ शकतो, आणि तो चालतो पुढे तो रेकॉर्ड उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या लॉगिनवर. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑक्टोबर २००५ चं. मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवर लोकांना आपलं प्रोफाइल एचटीएमएलने सजवता यायचं, सॅमी कामकार नावाच्या मुलाने आपल्या प्रोफाइलमध्ये असा कोड घातला की जो ते प्रोफाइल बघेल तो आपोआप त्याला मित्र म्हणून जोडेल आणि तोच कोड बघणाऱ्याच्याही प्रोफाइलमध्ये चिकटेल. साधारण २० तासांत दहा लाखांच्या वर लोकांना तो चिकटला. मायस्पेसने "जावास्क्रिप्ट" हा शब्द गाळायची सोय केली होती की, यानं काय केलं तर तो शब्द मध्येच तोडून जावा एका ओळीत आणि स्क्रिप्ट दुसऱ्या ओळीत टाकलं, गाळणीला दिसलं नाही आणि ब्राउझरने जोडून वाचलं. म्हणून म्हणतात की वाईट काय ते शोधून काढायला जाऊ नका, चालणाऱ्या चारपाच टॅगची यादी करा आणि बाकी सगळं सर्व्हरवर फेकून द्या. आता विचार करा, ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक बाहेरच्या फॉर्ममधून तक्रार भरतो आणि ती आत अकाउंट्सवाले, साहेब, अॅडमिन सगळे उघडतात. माझा त्या व्हेंडरच्या माणसाला पहिला प्रश्न आता हाच असतो, पेस्ट केलेलं तुम्ही कुठं स्वच्छ करता, ब्राउझरमध्ये की सर्व्हरवर? "एडिटर करतो ना ते" असं उत्तर आलं की समजायचं, कारण एडिटर ब्राउझरमध्ये चालतो आणि ज्याला घुसायचंय तो एडिटर उघडणारच नाही, सरळ सर्व्हरकडे मजकूर पाठवेल.

एवढं सगळं वाचून वाटेल की बाई बोल्डच्या विरोधात आहे. अजिबात नाही. ११ पायऱ्यांची सूचना आजही आम्ही रिच टेक्स्टमध्येच लिहितो आणि मेन स्विचची ओळ पहिल्या नंबरला, जाड. यादीचा नंबर खरा असतो, मध्ये एक पायरी घुसवली की पुढचे आपोआप बदलतात, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला "यादी, ११ ओळी" असं ऐकू येतं, जे फुल्या आणि बरोबरच्या चिन्हांनी कधीच झालं नसतं, उलट त्यांना "बरोबर बरोबर बरोबर बरोबर" असं वाचून दाखवलं जायचं. मीटिंगचा गोषवारा, ग्राहकाला जाणारं उत्तर, कामाची पद्धत, अशा ठिकाणी फॉरमॅटिंग हवंच. पण चार बटणं पुरे: बोल्ड, बुलेट, नंबर, लिंक. रंग नको. रंगाला अर्थ द्यायचा असेल तर "प्राधान्य" असा वेगळा रकाना करा, त्यात तीन पर्याय ठेवा, आणि सॉफ्टवेअरनेच तो लाल दाखवावा, मग त्यावर सॉर्ट पण होतं आणि रिपोर्ट पण निघतो. स्ट्राइकथ्रूचं बटण तर मी स्वतः भांडून काढायला लावलंय. आधी किती होते ते बघायचंय ना, त्याला हिस्टरी असते.

टूलबारच नको असेल तर दुसरा रस्ता पण आहे, मार्कडाउन म्हणतात त्याला, २००४ साली आला. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या टाकल्या की जाड. व्हॉट्सअॅपने २०१६ मध्ये एकेका फुलीचं असंच आणलं आणि कुणीही क्लास न लावता सगळं घराणं ते शिकलं! त्याचा फायदा असा की फॉरमॅटिंग गळून पडलं तरी फुल्या दिसतात, अर्थ राहतो. आमच्या "तीन फुल्या महत्त्वाचे तीन फुल्या" ला आम्ही उगाच हसत होतो म्हणायचं.

आणि व्हेंडरना एकच विनंती, साठवताना दोन प्रती ठेवा. हे काही मी शोधलेलं नाही, पीडीएफ फॉर्ममध्ये २००३ च्या पीडीएफ १.५ पासून हीच पद्धत आहे, अॅक्रोबॅटमध्ये रकान्याला रिच टेक्स्टची टिक केली की फाइलमध्ये त्या रकान्याची साधी प्रत वेगळी आणि सजवलेली वेगळी राहते, ज्याला जी समजते ती तो वाचतो. (तिथंही टूलबार आपोआप दिसत नाही, कंट्रोल-ई दाबावं लागतं, त्यामुळे टिक करूनही फॉर्म भरणाऱ्याला पत्ताच नसतो.) स्लिप, एसएमएस, एक्सेल, सर्च या सगळ्यांनी साधी प्रत वाचावी, आणि ती साधी प्रत सेव्ह करण्याआधी लिहिणाऱ्याला एकदा दाखवा, खाली बारीक अक्षरात दाखवली तरी चालेल. आमच्या तिने "५०२० नग" असं खाली छापलेलं पाहिलं असतं तर तिथल्या तिथं थांबली असती.

टिक करायच्या आधी ती काढता येते का हेही विचारून घ्या. मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून मेमो, म्हणजे मोठ्या मजकुराच्या, रकान्याला रिच टेक्स्ट करता येतं, आणि परत प्लेन करायला गेलं की फॉरमॅटिंग जाणार असं ते निदान आधी विचारतं तरी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये विचारलं नाही. नऊ रकाने परत साधे केले तेव्हा हजारो जुन्या कॉलमध्ये टॅग तसेच उघडे पडले, मी आणि तो डेव्हलपर पोरगा शनिवारी बसून साफ करत होतो, आणि त्याने साफ करायचा प्रोग्राम चालवायच्या आधी मी त्याला आडव्या रेघेचे सगळे कॉल आधी वेगळे काढायला लावले. ४१ निघाले. त्यातले सहा आकड्यांवरचे होते, ते मी हाताने केले.

हे पत्र तुमच्या साइटवरच्या वाचकांच्या पत्रांच्या फॉर्ममधून पाठवतेय, तिथं साधा बॉक्स आहे, चांगलंय. पॅरे एकात एक गेले असतील तर पाडून घ्या, आणि दोन शब्दांना मी फुल्या लावल्यात ते तुमच्याकडे जाड होत असतील तर करा. फक्त वर जिथं ५०२० आहे ते ५०२०च आहे, चूक समजून कुणी दुरुस्त करू नका.

आपली,
एक नियमित वाचक